चिलापीचं ‘मोनोसेक्स’ बीज आणि डीएनए चाचणी: काय कळतं, काय कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुरबाडजवळ शेततळं. त्यात ‘मोनोसेक्स’, म्हणजे जवळपास सगळी नरच, म्हणून चिलापी, म्हणजे टिलापियाची पाच हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली. विक्रेत्याने ९५ टक्के नर असल्याची खात्री दिली होती. चौथ्या महिन्यात काठाला पिल्लांचे थवे दिसू लागले. ठाण्यातल्या एका मित्राने कॉकटील पक्ष्याचं पीस नवी मुंबईतल्या लॅबला देऊन नर-मादीचा दाखला मिळवला होता. मग बोटुकलीचंही तसंच करून विक्रेत्याला धरता येईल का? आणि पुढच्या खेपेपासून रोहू-कटल्यासकट सगळंच बीज आधी तपासून घेता येईल का?

मी रबाळे-महापे पट्ट्यातल्या एका लॅबमध्ये पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो तपासण्याचं काम करते आणि त्याआधी काही वर्षं हॅचरीत होते. दोन्हीकडची बाजू माहीत असल्यामुळे उत्तर जरा लांबेल. निष्कर्ष मात्र आधीच सांगते: विक्रेत्याला धरण्यासाठी डीएनए चाचणी करू नका. पैसे तर जातीलच, शिवाय अगदी चोख काम करणारा विक्रेताही त्यात चोर ठरेल. तुम्हाला हवंय ते उत्तर मायक्रोस्कोपखाली मिळतं आणि कितीतरी स्वस्तात मिळतं.

आधी पक्ष्यांचं बघू, कारण गोंधळ तिथून सुरू होतो. पक्ष्यांत मादीकडे झेड आणि डब्ल्यू ही दोन वेगळी क्रोमोसोम असतात आणि नराकडे झेडची जोडी. ही व्यवस्था कोट्यवधी वर्षं जुनी आहे आणि शहामृग-इमूसारखे थोडे पक्षी सोडले तर जवळजवळ सगळीकडे सारखीच आहे. सीएचडी नावाचं जनुक या दोन्ही क्रोमोसोमवर असतं, पण त्यातल्या एका तुकड्याची लांबी दोन्हीकडे वेगळी. त्यामुळे प्रायमरची (हवा तो तुकडा पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या टोकांची) एकच जोडी कॉकटीललाही चालते आणि कोंबडीलाही. तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर मादीचे दोन बँड, म्हणजे पट्टे येतात, नराचा एक. लॅबला पक्ष्याचं नावगाव फारसं विचारावं लागत नाही.

माशांत असा सर्वांना चालणारा बँड नाही. मेडाका या छोट्या जपानी माशात नर ठरवणारं जनुक २००२ मध्ये सापडलं, तेव्हा अनेकांना वाटलं होतं की आता बाकीच्या माशांचंही उकलेल. नंतर त्याच्या सख्ख्या नात्यातल्या एका जातीत पाहिलं, तर ते काम भलतंच जनुक करत होतं. आपल्याकडे मत्स्यालयाच्या प्रत्येक दुकानात मिळणारा झेब्राफिश घ्या. रानातल्या झेब्राफिशमध्ये चौथ्या क्रोमोसोमवर लिंगाची खूण आहे. प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या वाणांतून ती चक्क गेली, आणि तरी त्यांना नर-माद्या होतातच. उलट ट्राउट-सामन कुळात २०१२ मध्ये सापडलेलं एकच जनुक बहुतेक जातींना चालतं. म्हणजे नशीब चांगलं असेल तर अख्ख्या कुळाला एक चाचणी, नसेल तर एकाच जातीच्या दोन वाणांना दोन वेगळ्या.

चिलापी या दुसऱ्या गटातली. नाईल टिलापियात मादी एक्सएक्स आणि नर एक्सवाय. पण ही वाय-खूण काही वाणांत पहिल्या क्रोमोसोमवर सापडते, काहींत तेविसाव्या. तेविसाव्यावरचं जनुक एएमएच कुटुंबातलं आहे. त्याच्या वायवरच्या एका प्रतीतून २३३ अक्षरांचा तुकडा गळालेला आहे, म्हणून तिचा बँड जेलवर वेगळा ओळखू येतो. हे वाचायला फार सुरेख वाटतं, पण ज्या वाणात लिंग पहिल्या क्रोमोसोमवर ठरतं तिथे हीच चाचणी काहीच सांगत नाही. त्यात भर म्हणून निळ्या टिलापियात गणितच उलटं आहे: तिथे पक्ष्यांसारखी झेड-डब्ल्यू व्यवस्था, म्हणजे मादीकडे वेगळं क्रोमोसोम. बाजारातल्या लाल टिलापियात तर कित्येकदा दोन-तीन जातींचं रक्त मिसळलेलं असतं. आपल्याकडे ज्याची नावाजून जाहिरात होते तो गिफ्ट वाण १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये सुरू झालेल्या प्रकल्पातून आला. त्यात इजिप्त, घाना, केनिया, सेनेगलचे रानमासे आणि इस्रायल, सिंगापूर, तैवान, थायलंडमधले पाळीव वाण एकत्र केले होते. आठ ठिकाणचं रक्त एका टाकीत असताना ‘टिलापियाची लिंगचाचणी’ एवढंच सांगून कुणी नमुने मागत असेल, तर पहिला प्रश्न हा विचारायचा: कुठल्या क्रोमोसोमवरची, आणि कुठल्या वाणावर पडताळलेली?

आता मुख्य मुद्दा. समजा वाण नेमका माहीत आहे आणि चाचणी त्यावर पक्की बसते. तरीही तुमच्या बोटुकलीत जवळपास निम्मे एक्सएक्स निघतील, म्हणजे कागदावर निम्म्या माद्या. कारण ‘मोनोसेक्स’ म्हणून मिळणारं बहुतेक बीज जन्मतः नर नसतं. ते नर केलेलं असतं. पिल्लांच्या पोटाखालची पिवळी पिशवी संपून ती खायला लागली की लगेच २१ ते २८ दिवस त्यांना मिथाइलटेस्टोस्टेरॉन मिसळलेलं खाद्य देतात. प्रमाण साधारण किलोला ६० मिलिग्रॅम. त्या वयात लिंगग्रंथी अजून कच्ची असते, त्यामुळे एक्सएक्स पिल्लाचाही चांगला कामाचा नर होतो. क्रोमोसोम मात्र आहेत तेच राहतात. डीएनए मार्कर, म्हणजे चाचणीत शोधली जाणारी डीएनएमधली खूण, हा रेशनकार्डावरचा पत्ता. माणूस सध्या कुठे राहतो ते त्यावरून कळत नाही. तुम्हाला विचारायचंय ‘सध्या कुठे राहतो’ आणि चाचणी मागताय पत्त्याची.

हॉर्मोनशिवाय तापमानही हा खेळ करतं. अगदी लहान वयात पाणी ३६ अंशांच्या आसपास काही दिवस राहिलं, तर नाईल टिलापियाची काही एक्सएक्स पिल्लंही नर होतात. किती होतात ते वाणावर आणि आई-बापांवर ठरतं. एप्रिल-मे महिन्यात उथळ सिमेंट टाकीत वाढवलेल्या बीजात नर जास्त निघाले, तर त्यात विक्रेत्याची पुण्याई किती आणि उन्हाची किती हे सांगणं कठीण असतं.

म्हणून विक्रेत्याच्या दाव्याचा निवाडा करायचा तर लिंगग्रंथी प्रत्यक्ष बघायची. बोटुकली दोन-तीन ग्रॅमची झाली की पोट उघडून, हवेच्या पिशवीखाली पाठीच्या बाजूला दोन दोऱ्यांसारख्या ग्रंथी दिसतात. चिमट्याने एक दोरा काचपट्टीवर घ्यायचा, वर ॲसिटोकार्मिनचा थेंब टाकायचा, कव्हरस्लिप ठेवून अंगठ्याने हलकं दाबायचं. मादी असेल तर गोल गोल अंडपेशी मोत्यांसारख्या ओळखू येतात; नराचा दोरा बारीक रवाळ दिसतो. दोन्ही एकत्र दिसले तर हॉर्मोन अर्धवट लागलंय. ॲसिटोकार्मिन म्हणजे बीएस्सीची मुलं कांद्याच्या मुळाच्या स्लाइडला वापरतात तेच. ठाणे-कल्याणकडच्या ज्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात तिथे ते आणि मायक्रोस्कोप दोन्ही असतं. एखाद्या शिक्षकांशी नीट बोललात तर विद्यार्थी हौसेने करून देतात. पहिल्या दहा स्लाइडी हात बसण्यात जातात, नंतर पटापट होतं.

मासे किती तपासायचे? यावर लोक सगळ्यात जास्त फसतात. वीस मासे कापले, सगळे नर निघाले, म्हणून खूश. पण बीजात ५ टक्के माद्या असल्या तरीही वीसच्या वीस नर निघण्याची शक्यता ३६ टक्के असते. साठ तपासून सगळे नर निघाले, तर माद्या ५ टक्क्यांहून कमी आहेत असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. उलट बाजूने बघा: दावा खरा असेल तर साठात सरासरी तीन माद्या निघतील. चार-पाच निघाल्या तर तो योगायोग समजा. आठ-दहा निघाल्या तर तो नशिबाचा भाग म्हणून सोडून देता येणार नाही. नमुना मात्र जाळ्याच्या एकाच कोपऱ्यातला नको. मोठी पिल्लं एकीकडे जमतात, आणि जी पिल्लं हॉर्मोन सुरू करतानाच मोठी होती त्यांच्यातच ते वाया जाण्याची शक्यता जास्त.

तुमच्या तळ्यातले मासे आता कापायची गरज नाही. पन्नास ग्रॅमच्या वरचा मासा उलटा धरून गुदद्वारामागचा उंचवटा बघा. नराला गुदद्वार आणि टोकाशी एक छिद्र, अशी दोन. मादीला गुदद्वार, मधली आडवी चीर आणि टोकाचं बारीक छिद्र, अशी तीन. मिथिलिन ब्लूचा बोळा फिरवला की चीर ठळक दिसते.

इथे एक गोष्ट विक्रेत्याच्या बाजूने. पाच हजारांत ९५ टक्के नर म्हणजे अडीचशे माद्या. चिलापीची मादी पन्नास ग्रॅमच्या आतही अंडी घालायला लागते, ती तोंडात उबवते, त्या काळात खात नाही आणि महिना-दीड महिन्याने पुन्हा तयार होते. अडीचशे माद्यांनी प्रत्येकी शंभर पिल्लं जरी जगवली, तरी पंचवीस हजार झाली. म्हणजे काठाला थवे दिसणं आणि विक्रेत्याचा दावा खरा असणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य आहेत. पिल्लं मोजून काही सिद्ध होत नाही. मोठ्या माशांतल्या माद्या मोजा.

दुसरी शक्यता पंपाची. ओढ्यातून किंवा नाल्यातून पाणी उचलत असाल आणि फुटव्हॉल्व्हला बारीक जाळी नसेल, तर जंगली झालेली मोझांबिक टिलापिया आत आलेली असू शकते. हा मासा भारतात १९५२ मध्ये आणला गेला आणि आता कुठल्याही डबक्यात सापडतो. मोठ्या नाईल टिलापियाच्या शेपटीवर उभे पट्टे स्पष्ट दिसतात. मोझांबिकचा विणीवर आलेला नर काळपट, गळ्याखाली पांढुरका. पिल्लांवरून नजरेने ओळख पटणं अवघड असतं. जात ओळखण्यासाठी मात्र डीएनएचा खरंच उपयोग होतो. माइटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या भागातला डीएनएचा ठरावीक तुकडा वाचला की जात बऱ्यापैकी कळते. अट एवढीच की तो तुकडा फक्त आईकडून येतो. संकर असेल तर बापाची जात त्यात दिसणार नाही.

मग नर-मादी मार्कर कुणासाठी? मुख्यतः हॅचरीवाल्यांसाठी, तेही जे हॉर्मोन न खाऊ घालता जन्मतः नर बीज काढू पाहतात त्यांच्यासाठी. रीत अशी: काही पिल्लांना उलट, म्हणजे मादीचं हॉर्मोन द्यायचं. त्यातल्या एक्सवाय पिल्लांच्याही माद्या होतात. अशी एक्सवाय मादी साध्या एक्सवाय नराला दिली की पोरांत एक चतुर्थांश एक्सएक्स, निम्मे एक्सवाय आणि एक चतुर्थांश वायवाय. हा वायवाय नर साध्या मादीला लावला की सगळी पिल्लं एक्सवाय, म्हणजे विकायचं बीज हॉर्मोनशिवाय नर. अडचण होती ती यातली एक्सवाय मादी आणि वायवाय नर हुडकण्याची, कारण दिसायला सगळे सारखेच. मार्कर नव्हते तेव्हा संशयित माशाची वीण काढायची, पिल्लं वाढवायची, कापून मोजायची आणि मग ठरवायचं. एकेका माशामागे महिने जात. आता माशाच्या पराचा (फिनचा) एवढासा तुकडा आणि दोन दिवस. फक्त वायवाय आणि एक्सवाय वेगळे करायला नुसता वायचा बँड पुरत नाही, कारण तो दोघांतही येतो. एक्सचा बँड नसल्याचंही दिसावं लागतं. आणि हे सगळं जमलं तरी शंभर टक्क्यांची हमी देऊ नये. नव्वदच्या दशकात फिलिपिन्समध्ये वायवाय नरांपासून काढलेल्या बीजातही सरासरी ९५ टक्क्यांच्या आसपासच नर मिळाले होते. मुख्य जनुकाच्या जोडीला बारीकसारीक जनुकंही लिंगात हात घालतात.

चीनमध्ये यलो कॅटफिश या माशात अशाच वाय-मार्करच्या जोरावर सर्वनर बीज बाजारात आलं. पंगस कुळात नराचं जनुक ओळखलं गेलं आहे. म्हणजे विज्ञान जागेवर आहे. फक्त ते ज्याच्या हातात पालक मासे आहेत त्याच्या कामाचं. ज्याच्या हातात बोटुकली आहे त्याच्या कामाचं नाही.

यातून तुम्ही पुढे स्वतःचे पालक मासे ठेवायच्या विचारात असाल, तर लॅब निवडताना काय करायचं ते सांगते. माझ्याच व्यवसायातल्या लोकांना हे आवडणार नाही, पण करा. दहा खात्रीचे नर आणि दहा खात्रीच्या माद्या, ज्यांची लिंगग्रंथी तुम्ही स्वतः पाहिली आहे आणि ज्यांना हॉर्मोन कधी दिलेलं नाही, अशा वीस माशांचे पराचे तुकडे फक्त क्रमांक घालून पाठवा. कोण काय ते सांगू नका. नाणं उडवून वीसच्या वीस बरोबर यायची शक्यता साधारण दहा लाखांत एक. लॅबने वीसही बरोबर सांगितले तर मार्कर तुमच्या माशांवर चालतो. दोन-तीन चुकले तर ते निकाल फेकून देऊ नका. मार्कर खऱ्या जनुकापासून जरा लांब असेल, तर पिढीगणिक काही माशांत दोघांची ताटातूट होतेच. आणि दहा-बारा बरोबर आले, तर तो मार्कर दुसऱ्या कुठल्यातरी वाणाचा आहे.

लॅबला आणखी एक विचारा: प्रत्येक नमुन्यात खात्रीचा दुसरा बँड ठेवता का? वायचा बँड आला तर नर, नाही आला तर मादी, एवढ्यावरच अहवाल देणाऱ्यांपासून जपा. बँड न येण्याची कारणं शंभर असतात: डीएनए खराब, रसायन जुनं, नळीत काही पडलंच नाही. त्याच नळीत नर-मादी दोघांतही यायलाच हवा असा एक बँड हवा. तो आला आणि वायचा नाही आला, तरच मादी म्हणायचं.

नमुना घेणं सोपं आहे आणि तिथेच सगळं बिघडतं. शेपटीच्या पराच्या टोकाचा मुगाच्या डाळीएवढा तुकडा पुरतो. पर पुन्हा वाढतो. प्रत्येक माशागणिक कात्री पुसून ज्योतीवर धरायची, नाहीतर आधीच्या नराचा डीएनए पुढच्या मादीच्या नळीत जातो आणि तिला वायचा बँड येतो. तुकडा शुद्ध इथेनॉलमध्ये टाकायचा. फॉर्मेलिन अजिबात नको, त्यात डीएनए जखडून जातो. सॅनिटायझरची जेलही नको. इथेनॉल दुकानात सहज मिळत नाही, त्याला उत्पादन शुल्क खात्याची परवानगी लागते, म्हणून लॅबकडूनच भरलेल्या कुप्या मागवा. झाकण घट्ट ठेवा. आपल्या पावसाळी हवेत ते ओलावा ओढून पातळ होतं. वीज गेली तरी इथेनॉलमधले तुकडे काही दिवस बाहेर राहू शकतात, त्यामुळे बर्फाच्या पेटीची धावपळ नको. आणि माशाला टॅग किंवा वेगळा हापा (पाण्यातली जाळीची पेटी) द्या. निकाल येईपर्यंत सात नंबरचा मासा कुठला हे विसरलेलं मी फार वेळा पाहिलंय.

रोहू-कटल्याचं थोडक्यात. त्यांच्या बीजात नर-मादी बघायची तुम्हाला गरजच नाही. हे मासे साचलेल्या पाण्यात वीत नाहीत, म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी १९५७ च्या १० जुलैला पीयूष ग्रंथीचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण काढली तो दिवस मोठा ठरला. आजही तो मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तळ्यात पिल्लं होण्याची भीती नाही, तर लिंगाचं गणित कशाला? हॅचरीत पालक निवडताना पावसाळ्याच्या तोंडावर छातीच्या पराच्या आतल्या बाजूने बोट फिरवतात: नराचा खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. पोट दाबलं की नराचं दुधासारखं पाणी येतं. रोहूचा जीनोम वाचून झाला आहे, लिंगाशी जोडलेल्या खुणांचा शोधही चालू आहे, पण तो संशोधकांच्या कामाचा. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र तळ्यात वीते, तिच्याबाबत सावध रहा. चिलापीच्या पालकांवर गंभीरपणे काम करायचं ठरवलंत, तर वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्थेत जनुकशास्त्राची माणसं आहेत, तिथे आधी बोला.

सध्याच्या तळ्याचं काय करायचं? जाळं ओढा, मोठे मासे हाताने बघून माद्या वेगळ्या काढा आणि आधी विका. त्या तशाही वाढणार नाहीत. पिल्लांसाठी थोडी मरळ सोडता येते, पण ती तुमच्या विकायच्या माशांहून लहान हवी, नाहीतर ती त्यांनाच खाईल. चिलापी पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते आणि ती मोनोसेक्स नर बीजाच्या अटीवरच असते, तेव्हा परवाना आणि बिल जपून ठेवा. विक्रेत्याशी बोलताना साठ माशांच्या नोंदीबरोबर तेच कामाला येईल. पिल्लं ओढ्यात सोडू नका. तिथलं पाणी काळूतून उल्हासला जातं. पुढचं बीज टाकण्याआधी तळं पूर्ण आटवा. तळाला डबकी राहिली तर त्यांत ब्लीचिंग पावडर टाका, कारण टाचभर पाण्यातही चिलापीची पिल्लं तग धरतात आणि मग नव्या बीजात माद्या कुठून आल्या याचा वाद पुन्हा सुरू होतो.